चूल घेताय? मग लाकडं कोण फोडणार?

आमच्या घरात माणसं तीन आणि पेटणाऱ्या वस्तू सहा. दोन मातीच्या चुली, दोन पत्र्याच्या नव्या चुली, न्हाणीतला तांब्याचा बंब आणि स्वयंपाकघरातला गॅस. इंडक्शन धरला तर सात, पण पावसाळ्यात वीज असते कुठे, म्हणून तो मोजत नाही. परवा डोंबिवलीची जुनी मैत्रीण राहायला आली होती. पडवीत रांगेने मांडलेल्या चुली बघून म्हणाली, "दुकान काढलंस का गं?" तिला दीड तास जे सांगितलं तेच इथे लिहून काढते. तिच्या वहिनीलाही गावच्या घरासाठी धूर न करणारी लाकडाची चूल घ्यायची आहे, आणि असं विचारणारी ती या वर्षातली चौथी.

मी टेलिफोन खात्यातली. 2020 च्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि देवरुखपासून आठ किलोमीटरवरच्या सासरच्या घरी आलो. 'दोन महिने राहू, मग बघू' म्हणून आलो, मार्चात टाळेबंदी लागली आणि ते बघणं राहूनच गेलं. घर कौलारू, मागे दोनेक एकर बाग: आंबा, काजू, नारळ, कडेला ऐन आणि किंजळ. बागेत वर्षभर काही ना काही पडतच असतं. झावळ्या, करवंट्या, सोडणं, छाटलेल्या काजूच्या फांद्या. हे जाळायचं नाही तर करायचं काय, हा सासूबाईंचा बिनतोड सवाल. शिवाय आंघोळीचं पाणी. रोज गॅसवर तापवायचं तर सिलिंडर महिनाभरही पुरत नाही, सौरबंब जून ते सप्टेंबर नुसता छपरावर बसून भिजतो आणि गीझरला पुन्हा वीज. त्यामुळे लाकूड जाळायचं की नाही हा प्रश्न आमच्याकडे कधी नव्हताच. कशात जाळायचं, एवढाच होता.

तोही जुलै 2021 पर्यंत कुणी विचारला नव्हता. 22 तारखेला चिपळूण बुडालं, ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या वाडीत पाणी शिरलं नाही, पण रस्ते खचले, वीज गेली आणि नेमका तेव्हाच सिलिंडर संपला. बारा दिवस सगळा स्वयंपाक चुलीवर. बाहेर झोडपणारा पाऊस म्हणून खिडक्या बंद, आणि जळण निम्मं दमट. मला वाटायचं, काय मजा आहे, चुलीवरची पेज, चुलीवरची आमटी. चौथ्या दिवशी मजा संपली. डोळे लाल, घसा बसलेला, आणि सासूबाईंना जो खोकला लागला तो गणपतीपर्यंत थांबला नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सहज विचारलं, "आजी, विडी ओढता का?" सासूबाई तेव्हा 81 वर्षांच्या. म्हणाल्या, "विडी नाही हो. साठ वर्षं चूल ओढत्ये."

घरी आल्यावर मी ठरवलं की गॅस असो नसो, लाकडाची चांगली चूल घरात हवी.

खरं तर घरात एक 'निर्धूर चूल' आधीपासून होती, निदान तिचे अवशेष होते. केंद्र सरकारने 1983 च्या सुमाराला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता, तो 2002 पर्यंत चालला. त्यात गावोगाव मातीच्या दोन तोंडांच्या चुली बसवल्या गेल्या. पुढच्या तोंडाखाली जाळ, तिथून बोगद्यातून गरम हवा मागच्या तोंडाखाली, आणि पुढे सिमेंटच्या पाइपातून छपराबाहेर. कल्पना उत्तम. आमच्याकडे ती कधी बसवली ते सासूबाईंना आठवत नाही, "तुझ्या नणंदेच्या लग्नाआधी" एवढंच आठवतं. बंद का पडली ते मात्र बारकाईने आठवतं. पहिलं म्हणजे पाइपासाठी कौलं काढली तिथून पावसाळ्यात गळायला लागलं. दुसरं, पाइपात काजळी साचली आणि तो साफ करायचा असतो हे बसवणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. मग धूर उलटा घरात. आणि तिसरं म्हणजे चुलीचं तोंड लहान होतं, त्यात मोठं लाकूड जाईना, म्हणून सासऱ्यांनी एके दिवशी ते पहारीने मोठं केलं. तोंड मोठं झालं की हवा वाट्टेल तशी आत शिरते आणि चुलीचं सगळं गणित मोडतं. पाइप पुढे विहिरीकडच्या पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, पाणी काढायला उपयोगी पडला, अजून तिथेच आहे.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण पुढे पैसे घालून मी जे शिकले ते सगळं तिच्यात आधीच होतं. लाकूड मोठं होतं म्हणून चूल फोडली गेली. लाकूड फोडणं कुणाला परवडलं नाही.

आता थोडं शास्त्र, मला समजलं तेवढं. लाकूड पेटतं तेव्हा खरं तर लाकूड जळत नसतं. तापल्यावर त्यातून वायू सुटतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा पाऊण भाग असा वायूरूपाने निघून जातो. हे वायू पेटले की जाळ, आणि पेटण्याआधीच थंड झाले की धूर. म्हणजे डोळ्यांत जातो तो धूर म्हणजे न जळलेलं जळणच. उरतो तो कोळसा, निखारा. आपली चूल नेमकी कुठे कमी पडते? तीन बाजूंनी माती, वर लगेच भांडं. वायू नीट पेटायच्या आत गार भांड्याच्या बुडाला आपटतात, तिथे काजळी धरते, बाकीचे घरात. माती उष्णता पिऊन घेते. पुढून गार हवा भसाभसा आत येते. सगळ्या आधुनिक चुली, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, याच तीन गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने सुधारतात: जाळाला वर चढायला उंच जागा द्यायची, ती जागा उष्णतारोधक करायची आणि हवा मोजून द्यायची.

माझी पहिली खरेदी या तत्त्वावरची, 'रॉकेट' जातीची. इंग्रजी एल अक्षरासारखी आतली नळी असते, खालच्या आडव्या तोंडातून लाकडं सरकवायची, जाळ उभ्या नळीतून वर. ही रचना अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी 1980 च्या दशकात मांडली, आणि आज आपल्याकडे मिळणाऱ्या बिनपंख्याच्या पत्र्याच्या चुली बहुतेक तिच्याच लेकी. मी घेतली ती बादलीएवढी, वर तीन खुरांची बिडाची जाळी, बाजूला धरायला कड्या. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल थोडं वाईटही लिहिणार आहे.

आणली त्याच दिवशी मी परीक्षा घेतली. टेलिफोन खात्यात तीस वर्षं रीडिंग घेण्यात गेली, सवय जात नाही. ताणकाटा काढला, लाकडं मोजली, पाच लिटर पाणी टोपात घेतलं, मोबाइलवर घड्याळ लावलं. हिशेब असा: 27 अंशांचं पाच लिटर पाणी उकळायला साधारण दीड मेगाज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो वाळलेल्या लाकडात पंधरा-सोळा मेगाज्यूल असते. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तर शंभर ग्रॅम लाकूड पुरे. आमच्या मातीच्या चुलीने खाल्लं 850 ग्रॅम. नव्या चुलीने 410. एका टोपामागे निम्म्याहून जास्त बचत, आणि धूर पेटवतानाची दोन मिनिटं सोडली तर जवळजवळ नाही. मी नाचायची बाकी होते. नवऱ्याने आकडे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले, अजून आहेत.

सासूबाई पाटावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, छान आहे. पण ती लाकडं तू किती बारीक केलीस ते नाही लिहिलंन त्याने."

बरोबर होतं. चुलीच्या तोंडात अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब, खडखडीत वाळलेली काटकीच नीट जळते. मातीच्या चुलीत मनगटाएवढा ओंडका घालायचा, पुढे सरकवत राहायचं, मध्ये जाऊन गाय बांधून यायची, तोवर तो जळत असतो. इथे दर चार-पाच मिनिटांनी काटकी पुढे ढकलावी लागते, नाही तर जाळ पडतो. आणि मुळात ती काटकी झाडावर तशी उगवत नाही. दुसऱ्या आठवड्यात मी तेही मोजलं. दिवसभराच्या चहा, पेज, भात, आमटीला सुमारे तीन किलो बारीक जळण लागायचं आणि ते कोयतीने करायला मला 35 मिनिटं. वाळलेल्या ऐनाच्या फांदीवर कोयती मारून बघा एकदा, काय म्हणते ते कळेल. कामाला येणाऱ्या मावशींनी तिसऱ्या दिवशी स्वच्छ सांगितलं, "वहिनी, चूल तुमची शहाणी असेल, पण माझा खांदा तिच्यासाठी नाही." मला हे कुठल्याच माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं. लाकूड किती वाचतं ते मोठ्या अक्षरात, धूर किती कमी होतो ते त्याहून मोठ्या अक्षरात, आणि ते तुकडे कोण करणार, यावर चकार शब्द नाही. साधारणपणे ते बाईच करते, म्हणून बहुधा तो खर्च धरत नसावेत.

आणखी बारीकसारीक. जाळ मधोमध, सुईसारखा. टोपाला उत्तम, बिडाच्या तव्याला वाईट. घावन मध्ये करपतं आणि कडेला पांढरं राहतं. भाकरी तव्यावर होते, पण तोंडाशी निखारे ओढून शेकायची ती सोय नाही, आणि न शेकलेली भाकरी आमच्याकडे कुणी भाकरी धरत नाही. चूल फूटभर उंच, त्यावर टोप, म्हणजे पाटावर बसलेल्या सासूबाईंना आत काय शिजतंय ते दिसतच नाही. शेवटी त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. त्यावर त्या इतक्या रुळल्या की आता पाटावर बसत नाहीत. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणे. वर्षानुवर्षं मी सांगत होते ते एका चुलीने केलं. मोठ्या पातेल्यात आंब्याचा रस आटवायला घेतला तर ढवळताना चूल डुलते. त्या दिवशी आम्ही रस वाचवला, माझं मनगट भाजलं.

आणि गंज. पहिल्या पावसाळ्यानंतर बाहेरचा पत्रा तांबूस झाला, दुसऱ्यानंतर आतल्या नळीला भोक. जाळाची जागा आठशे अंशांच्या आसपास तापते, त्यात आमची ही दमट हवा. विकणाऱ्याने "स्टेनलेस आहे" सांगितलं होतं. आता मी पर्समध्ये छोटं लोहचुंबक ठेवते. भांड्यांचं चांगलं 304 स्टील त्याला सहसा चिकटत नाही, स्वस्तातलं चिकटतं. चिकटलं म्हणजे चूल वाईटच असं नाही, पण भाव करताना बोलायला मुद्दा मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतली नळी वेगळी निघते का, आणि वेगळी विकत मिळते का, हे विचारायचं. माझी निघत नव्हती. गावातल्या वेल्डरने जाड लोखंडी नळी बसवून दिली आणि चूल आधीपेक्षा बरी झाली, फक्त वजन दुप्पट झालं. आता डुलत नाही.

दुसरी चूल पंख्याची. हिची तऱ्हाच वेगळी. डब्यात लाकडाचे बोटभर तुकडे आधीच भरायचे आणि वरून पेटवायचे, उदबत्तीसारखी आग वरून खाली उतरत जाते. छोटा पंखा खालून थोडी आणि वरच्या भोकांतून जास्त हवा सोडतो, त्यामुळे निघालेला वायू तिथल्या तिथे पेटतो. जाळ निळसर, जवळजवळ गॅससारखा, टोपाचं बूडही फारसं काळं होत नाही. पाच लिटरच्या परीक्षेत हिने 290 ग्रॅम घेतले, सोळा मिनिटांत उकळी. कागदावर हिच्यासारखी चूल नाही.

पण एकदा भरली की भरली. मध्येच आच कमी-जास्त थोडीफार होते, पण जळण घालता येत नाही. घातलं तर आधी धूर, मग जाळ. पंख्याची बॅटरी चार्ज करायला वीज हवी, आणि ही चूल मी आणली होती वीज नसतानाच्या दिवसांसाठी. शेवटी तिला पुतण्याने एक लहान सौर पॅनेल जोडून दिलं. तुकडे तर रॉकेटपेक्षाही बारीक. करवंट्या फोडून घातल्या तर झकास चालतात, झावळ्यांचे मधले दांडे वाळवून तोडले तरी चालतात, पण पानांचा पाचोळा घातला की पंखा राख उडवतो, थेट आमटीत.

पंख्याच्या चुलीवरून एक जुनी हकिगत आठवते, ती चूल घेणाऱ्याने माहीत करून घ्यावी. 'ऊर्जा' नावाची अशीच एक चूल पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाजारात आली होती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं तंत्र, बीपी या मोठ्या तेल कंपनीचा पैसा, नंतर पुण्याच्या कंपनीकडे गेली. महाराष्ट्र-कर्नाटकात लाखांनी खपली. तिला लागायच्या शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट. त्याच कच्च्या मालावर कारखान्यांच्या बॉयलरांचाही डोळा गेला, कांड्या महागल्या आणि घरोघरच्या चुली माळ्यावर गेल्या. चुलीत खोट नव्हती. म्हणून मी सांगते, जे जळण आपल्या परसात पडतं किंवा वाडीत मिळतं त्यावरच चालणारी चूल घ्या. बाजारातून खास जळण आणायचं असेल तर गॅसने काय घोडं मारलंय?

शिक्क्याचं म्हणाल तर भारतीय मानक ब्यूरोचं एक मानक आहे, आयएस 13152. त्यात बिनपंख्याच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळणातल्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा वाटा, निदान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीची निदान 35 टक्के हवी असं आहे. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि धुरातले कण यांनाही मर्यादा आहेत. माझ्या पडवीतल्या आकड्यांवरून रॉकेट 24 वर आणि पंख्याची 34 वर येते, म्हणजे ताणकाट्याच्या मानाने वाईट नाही. मातीची चूल अकरा-बारावर. दुकानदाराला हे मानक विचारलं की दोन प्रकारचे चेहरे बघायला मिळतात. एक तो, जो चूल उलटी करून खालचा शिक्का दाखवतो. दुसरा म्हणतो, "ताई, एकदम चांगली चालते, घेऊन जा."

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मात्र हसत नाही. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली असं नसतं. निखाऱ्यांना धूर नसतो, आणि बंद खोलीत माणसं जातात ती निखाऱ्यांनीच. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची आपली जुनी पद्धत. जुन्या घरांत कौलांच्या फटी होत्या म्हणून निभावलं. आता स्लॅबच्या घरात अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून तीच शेगडी ठेवतात. कृपा करून ठेवू नका. आमच्या दोन्ही नव्या चुली पडवीतच असतात, पावसाच्या झडीला बांबूची तट्टी लावलेली आहे, वरचा भाग उघडा. आणि काजूची टरफलं कुठल्याच चुलीत घालू नका. त्यातलं तेल अंगावर उततं तसं त्याचा धूरही झोंबतो.

आता बंब. चुलींच्या नादात मी चार महिने त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. आजेसासऱ्यांच्या वेळचा, तांब्याचा, मधोमध नळी, भोवती पाणी. एके दिवशी तो घासताना लक्षात आलं की अहो, ही तर रॉकेट चूलच! जाळ उभ्या नळीतून वर जातो, आणि ती नळी चारी बाजूंनी पाण्यात. उष्णता जाणार कुठे? नुसत्या हंड्याखाली जाळ केला तर कडेने निसटते, इथे निसटायलाही पाण्यातूनच जावं लागतं. एकच उणीव होती: खालची जाळी झिजून गेली होती आणि लाकडं राखेत लोळत होती, त्यांना खालून हवाच नव्हती. वेल्डरकडून जाडसर सळ्यांची जाळी करून घेतली, जमिनीपासून चार बोटं वर. आंघोळीचं जळण तिथल्या तिथे तिसऱ्या हिश्शाने कमी. सगळ्या खरेदीत सर्वात स्वस्त सुधारणा ही, आणि तिला कुणी आधुनिक म्हणणार नाही. बंबाला अंगठ्याएवढे तुकडे लागत नाहीत हे विशेष. सोडणं, पोयी, वाकडीतिकडी ढलपी, सगळं चालतं. ज्यांचं लाकूड मुख्यतः आंघोळीच्या पाण्यालाच जातं त्यांनी चुलीची दुकानं पालथी घालण्याआधी माळ्यावर जाऊन बंब आहे का बघावा. मोडीत काढला नसेल तर.

सासूबाईंच्या एका तक्रारीचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. त्या म्हणतात धुरानं घर टिकतं. मी आधी हसले. पण चुलीवरच्या माळ्याला त्या पडवळ, दोडका, भोपळ्याचं बी फडक्यात बांधून टांगायच्या, कणसं टांगायच्या. गेल्या वर्षी स्वयंपाकघरातला धूर गेला आणि पावसाळ्यात त्या सगळ्या पुरचुंड्यांना कीड लागली. वाशांनाही खालून बारीक पिठासारखं काही पडायला लागलं आहे. नवरा म्हणतो औषध मारू. राखेचंही तेच. वाल-कुळीथ राखेत घोळून ठेवायचे, नारळाच्या आळ्यात राख घालायची. पंख्याची चूल दिवसाकाठी मूठभर राख देते. कोळसा मात्र बराच उरतो, तो मी झाकण घालून विझवते आणि सराई कुकरला वापरते. हा कुकर पुण्याच्या 'आरती' संस्थेचा, डॉ. आनंद कर्वे यांच्या. डब्यांच्या खाली छोटी शेगडी, शंभर ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा वरण-भात वाफेवर होतो, ढुंकून बघावं लागत नाही. म्हणजे पेटणाऱ्या वस्तू सहा नव्हेत, सात. तो मोजायचा राहिला.

तर सध्याची आमची वाटणी अशी. सकाळचा चहा आणि घाईचं सगळं गॅसवर. पेज, उकडलेल्या आठळ्या, गुरांचं आंबोण, पाणी उकळणं रॉकेटवर. पंख्याची चूल माणसं जास्त असतील तेव्हा भाताला. आंघोळ बंबावर. आणि भाकरी, घावन, मासे मातीच्या चुलीवरच. फक्त तिला मी पुन्हा धुराडं बसवून घेतलं. या वेळी पाइप कौलांतून न काढता भिंतीतून बाहेर काढून वर नेला, पन्हळीच्या वर दोन हात, टोकाला पावसाची टोपी, आणि दर अमावास्येला बांबूला गोणपाट बांधून आतून घासायचा. अमावास्या का, तर तारीख लक्षात राहत नाही, अमावास्या राहते. चुलीचं तोंड लहान ठेवलंय आणि पहार गोठ्यात ठेवलीय. अभ्यासक लोक अशा सगळ्या चुली एकत्र वापरण्याला 'स्टोव्ह स्टॅकिंग' म्हणतात आणि त्यांना त्याचं वाईट वाटतं, कारण जुनी चूल सुटत नाही. आम्ही याला उतरंड म्हणतो.

मैत्रिणीच्या वहिनीने काय घ्यावं? मी तिला फोनवर चार प्रश्न विचारले. घरात रोज किती माणसं जेवतात, भाकरी होते की भात, चुलीशी बसणार कोण, आणि कोयती कोण चालवणार. पहिल्या तिन्हींची उत्तरं तिने पटापट दिली. चौथ्याला थांबली आणि म्हणाली, "असं कसं विचारता, गडी आहे की." गडी असेल तर रॉकेट घे म्हटलं. स्वतःचं भांडं आणि तवा दुकानात घेऊन जा, जाळीवर ठेवून ढवळून बघ, डुलली तर परत ठेव. गडी सोडून गेला तर मला फोन कर, धुराडं बांधणाऱ्याचा नंबर देते.

आमच्याकडे सध्या आगोटीची गडबड चालू आहे. पावसाआधी चार महिन्यांचं जळण आत घ्यायचं म्हणजे घ्यायचं. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं, म्हणून आमची तोड दिवाळीनंतर लगेच होते आणि मेपर्यंत ऊन खाते. वैशाखात तोडलेलं लाकूड श्रावणात जाळलं तर जगातली कुठलीही चूल धूरच करणार. मांगरात या वर्षी तीन वेगळ्या राशी लावल्यात: चुलीचे ओंडके, बंबाची ढलपी, आणि बारीक काटकी. सासूबाईंना तिन्ही राशींत फरक कळतो, नवऱ्याला कळत नाही.

काल लाकडं फोडणारा आला होता. दर वर्षी तोच येतो. त्याला म्हटलं, ही इतकी रास अंगठ्याएवढी जाड फोडून हवी. त्याने आधी राशीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"तुमच्या अंगठ्याएवढी की माझ्या, वहिनी? तुमच्याएवढी असेल तर दर वेगळा पडंल."